'डिसिप्लिन्ड'ला मराठीत काय म्हणाल?

खाडीकाठचा
शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी हौशी रेडिओवर लेख दिलाय आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. विषय जीपीएस डिसिप्लिन्ड ऑसिलेटर (ऑसिलेटर म्हणजे ठरावीक गतीने कंप पावणारं सर्किट). घरात १० मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर, आणि जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्याशी ताडून बघत त्याला हळूहळू जागेवर आणणारं सर्किट. मी लिहिलं 'उपग्रह-शिस्तबद्ध आंदोलक'. संपादक बाईंनी (माझ्याच वर्गातल्या, तेव्हाही माझी वही तपासायच्या) ते खोडून 'उपग्रह-नियंत्रित' केलं. म्हणे शिस्तबद्ध म्हटलं की पंधरा ऑगस्टचं संचलन दिसतं. पण 'नियंत्रित' साफ चूक आहे. उपग्रह वीस हजार किलोमीटर वरून आपली वेळ सांगत जातो, खाली गुहागरात कोण ऐकतंय याचा त्याला पत्ताही नसतो. बुधवारी मजकूर छापखान्यात जाणार. काय लिहू?

शुद्धमती
'शिस्तबद्ध'च ठेवा. शास् धातूवरून शासन, शिष्य, शिष्ट आणि शिस्त. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही शिष्यच आहे, इतकं चपखल क्वचित जुळतं. 'ऑसिलेटर' आणि 'सर्किट' मात्र काढा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, तिथूनच भाषाशुद्धीसाठी झगडले. त्याच जिल्ह्यात बसून 'सर्किट' लिहायचं?

हापूसद्वेष्टा
ताई, शिस्त फारसी आहे. मूळ अर्थ नेम, बंदुकीचा. जुन्या कोशांत तोच दिलाय. शास् धातूशी काही नातं नाही. आता शिस्तही काढणार?

शुद्धमती
मग 'अनुशासित आंदोलक'.

हापूसद्वेष्टा
म्हणजे तहसील कचेरीसमोर परवानगी काढून उपोषणाला बसलेला माणूस. 'उपग्रह-नियंत्रित आंदोलक' तर त्याहून भारी, परकीय शक्तींचा हात!

खाडीकाठचा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं 😄 आता लेख छापायची भीती वाटते.

सोल्डरवाला
शब्दाआधी आत काय चालतं ते बघा. जीपीएसचा सेकंदाचा ठोका दिवसभराच्या सरासरीला पक्का, पण सुटा ठोका काही दहा नॅनोसेकंद (नॅनो म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मागेपुढे पडतो. भट्टीतला क्वार्ट्झ (छोट्या डबीत ७०-८० अंशांवर उबेला ठेवलेला) याच्या उलट. सेकंदा-सेकंदाला शांत, पण महिनोन्महिने एका बाजूला सरकत जातो. म्हणून जवळचं क्वार्ट्झचं ऐकायचं आणि लांबचं उपग्रहाचं. चूक दिसली की लगेच दामटायचं नाही, काहीशे ते काही हजार सेकंद बघून नियंत्रण-व्होल्टेज (ज्याने क्वार्ट्झची गती किंचित बदलते) केसभर हलवायचं. घाई केलीत तर जीपीएसची थरथर क्वार्ट्झमध्ये उतरते आणि चांगला ऑसिलेटर हाताने बिघडवला असं होतं. माझ्या पहिल्या सर्किटात मी नेमकं तेच केलं होतं. शिस्त म्हणजे छडी, इथे छडी नाही. 'वळण लावलेला' म्हणा.

तांडेलाचा नातू
वाचताना आजो आठवले. पहिल्यांदा सुकाणू हातात दिलं तेव्हा मी प्रत्येक लाटेला ते फिरवत होतो. आजो जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "लाटेक सुकाणू देव नको, होडी नाचतली." लांबचा डोंगर धरायचा आणि त्याच्यापासून किती सरकलो ते मधूनमधून बघायचं. तुमचं सर्किट तेच करतंय. पण 'सुकाणूधारी ऑसिलेटर' कोणी छापणार नाही, मला कळतं.

पेटीमास्तर
साधा शब्द घरात असताना एवढी वणवण कशाला? बातम्यांआधी आकाशवाणीचे ठोके पडले की वडील घड्याळ 'मिळवून' घ्यायचे. तंबोराही मिळवतात. 'उपग्रहाशी मिळवलेला'.

सोल्डरवाला
मास्तर, शब्द गोड आहे, पण मिळवणं एकदा होतं. इथे काम थांबतच नाही.

पेटीमास्तर
आमच्याकडच्या दमट हवेत तंबोरा एकदा मिळवून चालतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?

कंप्रतावादी
मूळ लेखात फ्रिक्वेन्सीला 'वारंवारता' लिहिलं असेल तर तेही बदला. विश्वकोशात कंप्रता आहे. वारंवारता म्हणजे पाहुणे किती वेळा येतात ते.

सोल्डरवाला
पाठ्यपुस्तकात वारंवारताच आहे, मुलं तेच शिकतात. त्यापेक्षा 'स्थिर' आणि 'अचूक' यांची गल्लत टाळा, ती जास्त नडते. आमच्या गावची मुक्कामी एसटी रोज वीस मिनिटं उशिरा येते. स्थिर आहे, अचूक नाही. दुसरी एक कधी दहा मिनिटं आधी, कधी दहा मिनिटं नंतर, सरासरी बरोबर वेळेवर. तिला अचूक म्हणा, पण स्टॉपवर उभं राहणाऱ्याला विचारून.

हापूसद्वेष्टा
पण हौशी माणसाला एवढं कशाला लागतं? एसटी चुकली तरी दुसरी येते.

खाडीकाठचा
२५.९ अंश पूर्वेला कतारचा उपग्रह आहे, त्यावर हौशी रेडिओची सोय आहे. माझ्या गच्चीवरची तबकडी थेट अरबी समुद्राकडे तोंड करून आहे. तो खाली बोलतो १०,४८९ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे शंभर कोटीत एक एवढी चूकही दहा हर्ट्झ होते. साधा एलएनबी (तबकडीच्या तोंडावरचा सिग्नल पकडणारा डबा) तर उन्हात तापला की हजारो हर्ट्झ सरकतो, बोलणारा माणूस बदकासारखा ऐकू येतो आणि थोड्या वेळात गायबच होतो. चांगल्या जीपीएसवाल्याची दिवसभराची सरासरी लाख कोटीत एकाच्या घरात राहते.

तांडेलाचा नातू
आणि उपग्रह दिसेनासे झाले तर?

सोल्डरवाला
मग शेवटचं व्होल्टेज धरून क्वार्ट्झ एकटा चालतो. त्याला होल्डओव्हर म्हणतात. याला तरी मराठी शब्द आयता आहे: तग. 'चांगला ऑसिलेटर दिवसभर काही मायक्रोसेकंदांत तग धरतो.'

शुद्धमती
तग चालेल. (धातू शोधत नाही.)

हापूसद्वेष्टा
२०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा तग धरली असती का?

सोल्डरवाला
नाही, तो तग वेगळा. वीज गेली की भट्टी थंड पडते, परत आल्यावर क्वार्ट्झ ठिकाणावर यायला तास जातात, कधी दिवसही. बॅटरी ठेवाच. आणि अँटेना फणसाखाली लावू नका, भिजलेली पानं सिग्नल खातात. जोडाला चिकट रबरी टेप गुंडाळा, खाऱ्या हवेत पितळ एका पावसाळ्यात हिरवं होतं.

पेटीमास्तर
फणसाला हात लावू देणार नाही घरचे. कौलांवर बांबू चालेल?

सोल्डरवाला
चालेल, पण हलता नको. जागा एकदा नीट मोजून पक्की केली की रिसीव्हर फक्त वेळच काढतो, ठोका सुधारतो. बांबू झुलला तर त्याला वाटतं वेळच झुलतेय.

खाडीकाठचा
मंडळी, बुधवार उद्यावर आला. 'वळण लावलेला' बाईंना पाठवलं होतं, उत्तर आलं: "वळण मुलीला लावतात." 'मिळवलेला' वाचून विचारलं, कुठून मिळवला?

पेटीमास्तर
बरोबर विचारलं. कुठून मिळवलात? जुन्या मोबाइल टॉवरमधून निघालेले भट्टीवाले मिळतात म्हणे, मलाही एक हवाय.