मदत हवी आहे: 'सोल्जर ऑफ ऑरेंज'ची सबटायटल्स मागे पडतात

पॉल व्हरहूव्हन यांचा १९७७ सालचा डच सिनेमा. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातले विद्यार्थी मित्र. १९४० मध्ये जर्मनांनी देश व्यापल्यावर कुणी प्रतिकारात उतरतो, तर एक थेट एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलात. फार आतून हलवणारा सिनेमा आहे, रविवारी मित्रांना दाखवायचाय.

माझी प्रत सेकंदाला २५ फ्रेमची, इंग्रजी सबटायटल्स वेगळी मिळवलेली. सुरुवातीला जुळतात, अर्ध्या तासात सव्वा मिनिट मागे, पुढे आणखी. व्हीएलसी प्लेयरमध्ये सबटायटल्सची वेळ सरकवून पाहिली, थोड्या वेळात पुन्हा तेच. डबिंग नको, कोण कुठली भाषा बोलतो यालाच इथे अर्थ आहे.

सबटायटल्स २४ वरून २५ फ्रेमवर बदलणं पुरेल का? की ती वेगळ्या लांबीच्या आवृत्तीची असतील, आणि ते कसं ओळखायचं?