मदत हवी आहे: 'द बिग स्लीप'ची १९४५ची आवृत्ती कोणी पाहिली आहे का?

कादंबरी आणि त्यावरचा चित्रपट अशा चर्चेसाठी रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' (१९३९) निवडली आहे. पुस्तक वाचून झालंय, हॉवर्ड हॉक्सचा १९४६चा चित्रपटही पुन्हा पाहिला. बोगार्ट-बकॉल या नायक-नायिकेच्या जोडीपुढे कथानकाचा गुंता विसरायला होतो हे खरं, पण चर्चेत तो विसरून चालणार नाही.

अडलंय ते ओवेन टेलर या ड्रायव्हरपाशी. त्याची गाडी समुद्रात सापडते, पण त्याला मारलं कुणी? पुस्तकात ब्रॉडी हा ब्लॅकमेलर त्याला बेशुद्ध केल्याचं कबूल करतो, त्यापुढे काहीच नाही. म्हणजे खून, आत्महत्या की अपघात, सगळंच अधांतरी. चित्रपटातही उलगडा सापडला नाही.

चित्रपटाची १९४५ची आवृत्ती आधी फक्त अमेरिकी सैनिकांना दाखवली होती, ती १९९७मध्ये सर्वांसाठी आली. तिच्यात सरकारी वकिलाच्या कचेरीतला एक प्रसंग आहे, जिथे कथेचा नायक, खासगी गुप्तहेर मार्लो, तोवरचा सगळा घटनाक्रम उलगडून सांगतो. १९४६मध्ये तो कापला आणि बकॉलचे प्रसंग वाढवले. ही आवृत्ती मला अजून मिळालेली नाही.

रॉबर्ट मिचमचा १९७८चा चित्रपट कृपया सुचवू नका, तो कथा लंडनला नेतो आणि या तुलनेत उपयोगाचा नाही. रहस्यभेदाची काळजी नको, शेवट माहीत आहे. एकच आवृत्ती दाखवता येणार आहे आणि प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी पुस्तक वाचलेलं नाही.

दोन्ही आवृत्त्या पाहिलेल्यांनी सांगावं: त्या कापलेल्या प्रसंगात टेलरच्या मृत्यूचा ठाम खुलासा आहे का? आणि अशा प्रेक्षकांना कोणती आवृत्ती दाखवावी?