मेरीलँड, माँटगोमेरी काउंटी: मिडल स्कूलपासूनचे ७५ एसएसएल तास, काय धरतात आणि काय नाही?

रॉकव्हिलकर:

मुलगी येत्या ऑगस्टमध्ये सहावीत जाईल. शाळेच्या माहितीसभेत सांगितलं की हायस्कूल पास होण्यासाठी ७५ तास समाजसेवा (एसएसएल, म्हणजे ‘स्टुडंट सर्व्हिस लर्निंग’) लागते आणि ते तास पाचवी संपल्यापासूनच मोजले जातात. त्यावरून काही प्रश्न आहेत.

१) आत्तापासून घाई करायची गरज आहे का, की हायस्कूलमध्ये बघितलं तरी चालेल?
२) अकरा वर्षांच्या मुलीला नेमकं कोणतं काम मिळतं? बहुतेक ठिकाणी वयाची अट दिसते.
३) आपल्या मंडळात गणेशोत्सवाला मुलं दिवसभर राबतात. ते तास धरतात का?
४) तास नामंजूर होतात असं ऐकलंय, ते कशामुळे?

नियम माहीत असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

फाइलवाला:

आधी नियमाचं मूळ सांगतो, म्हणजे पुढच्या अटींचा अर्थ लागेल. मेरीलँडच्या राज्य शिक्षण मंडळाने १९९२ मध्ये ही अट आणली आणि १९९७ ला बाहेर पडलेल्या वर्गाला ती पहिल्यांदा लागू झाली. सगळ्या सरकारी शाळांना अशी सक्ती करणारं हे देशातलं पहिलं राज्य. नावात ‘सर्व्हिस’ इतकाच ‘लर्निंग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक कामाचे तीन भाग अपेक्षित असतात: पूर्वतयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरचं चिंतन. तिसरा भाग पालक सर्रास विसरतात.

राज्यात २४ शाळा-विभाग आहेत, २३ काउंट्या आणि बॉल्टिमोर शहर, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. त्यामुळे दुसऱ्या काउंटीतल्या मैत्रिणीने सांगितलेला नियम इथे लावू नका. काही काउंट्यांत बरेचसे तास वर्गातल्या प्रकल्पांतूनच पूर्ण होतात. माँटगोमेरीत अभ्यासक्रमातून थोडे मिळतात, बाकीचे मुलांनी बाहेर कमवायचे असतात.

आता माँटगोमेरीच्या अटी. संस्था करमुक्त, ना-नफा हवी. काम धार्मिक स्वरूपाचं नको आणि ते सार्वजनिक जागी व्हायला हवं. देखरेख त्या संस्थेच्या प्रौढ व्यक्तीची. शाळेच्या तासिकांच्या वेळेबाहेर, बिनपगारी. एका तासाला एक तास, आणि २४ तासांत जास्तीत जास्त ८. जाण्यायेण्याचा आणि जेवणाच्या सुट्टीचा वेळ धरायचा नाही.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे काउंटीच्या व्हॉलंटियर सेंटरच्या साइटवर जाऊन पदवीच्या टोपीचं चिन्ह असलेल्या संधी शोधणं. ते चिन्ह म्हणजे एसएसएलसाठी आधीच मंजुरी. चिन्ह नसेल तर काम सुरू करण्याआधी शाळेच्या एसएसएल समन्वयकाकडे वेगळी मंजुरी मागायची. ‘आधी’ या शब्दावर बोट ठेवतो, कारण कामानंतर मागितलेली मंजुरी सहसा मिळत नाही, मग काम कितीही चांगलं असो.

तास नामंजूर होण्याची नेहमीची कारणं:

तासांच्या फॉर्मवर संस्थेच्या माणसाऐवजी आई-वडिलांची किंवा नातेवाइकाची सही. तुम्ही त्या संस्थेच्या समितीवर असलात तरी आपल्या मुलीच्या फॉर्मवर सही दुसऱ्या पदाधिकाऱ्याची घ्या.

तारखा मोघम. ‘जून ते ऑगस्ट, ३० तास’ असं लिहिलं की परत येतं. प्रत्येक दिवसाची तारीख, सुरुवात आणि शेवट लिहा. ‘६ जुलै, ९:०० ते ११:३०, अडीच तास’ असं.

संस्थेचा ईआयएन नाही. हा नऊ आकडी करक्रमांक असतो, दोन आकडे, आडवी रेघ, मग सात. संस्था खरंच करमुक्त आहे का ते आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) शोधपानावर नावाने तपासता येतं. चर्च, देवळं त्या यादीत नसू शकतात, कारण त्यांना अर्ज करणं बंधनकारक नाही. तिथे समन्वयकालाच विचारा.

मुदत उलटली. उन्हाळ्याचे तास सप्टेंबरअखेर द्यायचे असतात, पहिल्या सत्राचे जानेवारीच्या सुरुवातीला, दुसऱ्याचे जूनच्या सुरुवातीला. नेमकी तारीख शाळेच्या पानावर असते. उन्हाळ्याचेच तास सर्वांत जास्त बुडतात, कारण सप्टेंबरमध्ये शाळेची घडी बसेपर्यंत देखरेख करणारी व्यक्ती संस्था सोडून गेलेली असते. सही त्याच दिवशी घ्या, फोटो काढून ठेवा.

घाई करायची का? सात वर्षांत ७५ म्हणजे वर्षाला जेमतेम ११ तास. आठवीअखेर संपवायचे म्हटले तरी वर्षाला २५, म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांत महिन्याला अडीच तास. अभ्यासक्रमातले तास वजा केले तर त्याहून कमी. माझं मत विचाराल तर मिडल स्कूलमध्ये निम्मे तरी करावेत. नववीनंतर खेळ, संगीत आणि अभ्यासाचा रेटा वाढतो आणि मग मुलं मिळेल ते काम करून तास भरतात. त्यात शिकणं राहत नाही. ७५ झाल्यावर थांबायचीही गरज नाही. २६० किंवा जास्त तास केलेल्यांना हायस्कूल पास होताना वेगळं प्रशस्तिपत्र मिळतं.

---

पायवाट:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना उद्यानांत आणि ओढ्यांकाठी भरपूर काम मिळतं, कारण तिथे हात कितीही कमीच पडतात. बहुतेक ठिकाणी या वयाच्या मुलांबरोबर पालक थांबावा लागतो. सही मात्र उद्यानाच्या माणसाचीच.

एप्रिलमध्ये पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात कचरा वेचण्याचे कार्यक्रम ठिकठिकाणी होतात, शिवाय परकं तण काढण्याचे दिवस वर्षभर असतात. तण काढणं या वयाला फार मानवतं, पण ते नीट केलं नाही तर उलटतं.

गार्लिक मस्टर्ड हे तण घ्या. पान चुरडलं की लसणाचा वास येतो, ही ओळख. पहिल्या वर्षी जमिनीलगत गोल पानांचा झुपका, दुसऱ्या वर्षी कमरेपर्यंत दांडा आणि एप्रिल-मेमध्ये चार पाकळ्यांची पांढरी फुलं. मुलं दांडा वरून ओढतात, तो तुटतो आणि बुडातून परत फुटतो. बोटं अगदी मातीपर्यंत न्यायची, बुडाशी धरून हळू ओढायचं. मुळाला वरच्या टोकाशी एक वाक असतो, तो दिसला म्हणजे मूळ नीट आलं. फुलं आलेलं झाड तिथेच टाकायचं नाही. उपटल्यावरही शेंगा पिकतात आणि बी सांडतं. पिशवीत भरून कचऱ्यात, कंपोस्टात नाही.

झाडावर चढलेली आयव्ही ओढून काढायची नाही. साल निघते, वरून वाळकी फांदी डोक्यात पडू शकते. खोडाभोवती गुडघ्याच्या आणि खांद्याच्या उंचीवर वेल कापायची, मधला तुकडा सोडवून घ्यायचा. वरची आपोआप वाळते. कात्री मोठ्यांनी चालवायची, मुलांनी जमिनीवर पसरलेली वेल गुंडाळायची.

आणि पॉयझन आयव्ही ओळखता आलीच पाहिजे. एका देठावर तीन पानं, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोन्हींपेक्षा लांब. जुनी वेल खोडावर तांबूस केसाळ दोरखंडासारखी दिसते, आणि हिवाळ्यात पानं नसतानाही अंगावर उठते. आपल्याला समजायला सोपं: ही बिब्ब्याच्याच कुळातली. बिब्बा उततो तसंच हे उततं. काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याचा चीक ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. हा तेलकट चीक हातमोज्यांवर, बुटांच्या नाड्यांवर दिवसेंदिवस टिकतो, म्हणून घरी आल्यावर गार पाणी आणि भांड्यांचा साबण लावून चोळून धुवा, कपडे वेगळे धुवा. ज्या मुलांना आंब्याच्या सालीने ओठांवर पुरळ येतं त्यांनी जास्तच जपावं.

गोचिडांसाठी पूर्ण बाह्या, फिकट रंगाची पँट, पँट मोज्यांत खोचलेली. लाइम हा आजार पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळांशी बघायचं.

---

तराजू:

अन्नदानाच्या कामाबद्दल मी लिहिते. आपल्या काउंटीत मॅना फूड सेंटर आहे, डीसीच्या परिसरासाठी कॅपिटल एरिया फूड बँक आहे. गोदामात निवड-बांधणीसाठी वयाची अट असते आणि जागा पटकन भरतात, म्हणून महिनाभर आधी नाव नोंदवा.

हे आधी समजून घ्या: तास कामाचे मिळतात, वस्तूंचे नाही. दहा पोती तांदूळ दिले म्हणून तास मिळत नाहीत. गोळा करणं, तपासणं, लावणं, पोचवणं यांचे मिळतात, तेही संस्थेशी आधी ठरवलं असेल तर.

आपल्या लोकांकडून होणारी चूक म्हणजे घरातली डाळ-तांदूळ झिपच्या पिशवीत भरून देणं. मन मोठं असतं, पण ते घेता येत नाही. कारखान्याचं सील आणि घटकांची यादी असलेलं पाकीटच चालतं, कारण घेणाऱ्याला शेंगदाण्याची किंवा गव्हाची ॲलर्जी असू शकते. घरचं लोणचं, मुरंबा नाही. काचेच्या बरण्याही टाळा. एक फुटली की अख्खं खोकं टाकावं लागतं.

डबे तपासताना मुलीला हे शिकवा: फुगलेला डबा बाजूला. झाकणाच्या कडेला किंवा शिवणीवर पोचा असेल तर बाजूला. गंज पुसून जात नसेल तर बाजूला. मधल्या गुळगुळीत भागावर उथळ पोचा असेल तर चालतो. तारीख उलटलेले डबे फूड बँका आपल्या तक्त्यानुसार काही काळ घेतात, पण बाळाचं फॉर्म्युला दूध एक दिवसही उलटलेलं चालत नाही.

एका खोक्यात १५ औंसाचे १५ डबे, जास्त नको. डब्याच्या पत्र्यासकट सुमारे १६ पाउंड होतात, एवढं या वयाच्या मुलाला उचलता येतं. खोक्याच्या तळाला टेप एकदा लांबीने आणि दोनदा आडवी. नुसत्या घड्या एकमेकींत अडकवलेला तळ उचलताच सुटतो आणि डबे पायावर येतात.

---

रॉकव्हिलकर:

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. मंडळाच्या कामाचं आणि चिंतनाचं कोणी सांगेल का? चिंतनात नेमकं काय लिहायचं असतं?

---

पाटीपेन्सिल:

मंडळाचं आधी. पूजा, आरती, प्रसाद वाटणं, मखर करणं हे धार्मिक काम, ते धरत नाहीत. यात आपल्यावर अन्याय नाही. चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात शिकवलेले तासही धरत नाहीत. पण त्याच चर्चच्या स्वयंपाकघरातून बेघरांना जेवण दिलं तर धरतात, कारण ती गरज सगळ्या समाजाची आहे. हाच निकष आपल्याला लावा. फक्त सभासदांसाठीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडणं कच्चं पडतं. गणेशोत्सवाच्या दारात फूड बँकेसाठी डबे गोळा करून तपासून पोचवले, आणि फूड बँकेशी किंवा समन्वयकाशी आधी लेखी ठरवलं, तर भक्कम.

सर्वांत चांगली जागा मंडळाची मराठी शाळा. भाषा शिकवायला मदत करणं धार्मिक नाही, शनिवार-रविवारी असतं आणि लहान गटाला हातांची गरज असतेच. मंडळ करमुक्त आहे ना आणि मंजुरी आहे ना, एवढं आधी बघा. वर्ग सार्वजनिक जागी हवा, कोणाच्या तळघरात नको. सहावीतल्या मुलीला नेमकं काम द्या: चार मुलांचा गट, वीस मिनिटं, ‘क’ ते ‘ङ’ गिरवून घेणं, जमलं न जमलं ते वहीत टिपणं. नुसतं ‘बाईंना मदत कर’ म्हटलं की ती कोपऱ्यात उभी राहते. घरून तयार केलेल्या चित्रपट्ट्यांचा वेळ सहसा धरत नाहीत, कारण घर ही सार्वजनिक जागा नाही.

आता चिंतन. ‘मला मदत करून खूप आनंद झाला’ हे वाक्य समन्वयकाकडे रोज ढिगाने येतं. गरज कोणाची होती, मी काय केलं, काय बदललं, काय बदललं नाही, पुढच्या वेळी वेगळं काय करीन, या पाच प्रश्नांना प्रत्येकी एक-दोन वाक्यं पुरतात. असं काहीतरी: ‘गटातली चारही मुलं घरी इंग्रजी बोलतात. त्यांना ट आणि त वेगळे ऐकू येत नव्हते. मी आरशासमोर जीभ कुठे लागते ते दाखवलं. तिघांना जमलं. चौथ्याला जमलं नाही, कारण मी फार भरभर गेले. पुढच्या वेळी एका दिवशी एकच जोडी घेईन.’ फॉर्मवर इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी गाडीत मराठीतून बोलून घ्या. मुलं बोलताना जास्त खरं सांगतात, आणि त्याच दिवशी बोललं तर तपशील ताजे असतात.

---

फाइलवाला:

एक भर घालतो, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतं: सेवेची सक्ती कायद्यात बसते का? वेठबिगारीच्या बंदीचा, म्हणजे अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीचा आधार घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम, न्यूयॉर्कमधल्या राय नेक आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथल्या पालकांनी खटले भरले होते. तिन्ही ठिकाणी अपील न्यायालयांनी शाळांच्या बाजूने निकाल दिला. चॅपल हिलचा १९९६ चा निकाल चौथ्या सर्किटचा, म्हणजे काही राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाचा आहे आणि मेरीलँड त्याच सर्किटमध्ये येतं. तेव्हा त्या वाटेने सूट मिळत नाही.

बाहेरच्या राज्यातून किंवा भारतातून मध्येच आलेल्या मुलांसाठी मात्र प्रवेशाच्या इयत्तेनुसार तास कमी केले जातात. प्रवेश घेतानाच समन्वयकाकडून तो आकडा लेखी घ्या आणि पुढच्या रिपोर्ट कार्डवर तोच छापून आलाय का ते बघा.

रॉकव्हिलकर, तुमच्या मुलीचे तास शाळेचा शेवटचा दिवस झाला की लगेच सुरू होतात. जूनच्या अखेरीस उद्यानांचे सकाळचे कार्यक्रम असतात, ९ ते १२ चे. पहिल्याच आठवड्यात एक करून, फॉर्म पूर्ण भरून शाळेत देऊन बघा. काही चुकत असेल तर ते तीन तासांवरच कळेल.