केळीच्या घेराला कोणता वक्र लावावा: लॉजिस्टिक की गॉम्पर्ट्झ?

रावेरचा विद्यार्थी
घरच्या बागेतील बारा घडांवर, निसवणीपासून (घड बाहेर पडल्यापासून) कापणीपर्यंत, दुसऱ्या फणीच्या बाहेरच्या ओळीतील मधल्या केळाचा घेर मी दर आठवड्याला दोऱ्याने मोजला. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा आहे. लॉजिस्टिक आणि गॉम्पर्ट्झ हे दोन्ही वाढीचे वक्र (आधी संथ, मग वेगाने, शेवटी पुन्हा संथ होत सपाट होणारे) बिंदूंवर सारखेच चांगले बसतात. मात्र अंतिम घेर गॉम्पर्ट्झमध्ये बराच मोठा येतो. प्रकल्पासाठी कोणता मानावा?

गणित शिकवणारा, भुसावळ
आपल्याकडे घड पूर्ण भरण्याआधी, हिरवाच कापतात. त्यामुळे वक्राचा वरचा सपाट भाग आपल्या वहीत उतरलेलाच नाही. अंतिम घेराचा आकडा मोजमापातून येण्याऐवजी सूत्राच्या गृहीतकातून येतो आहे. लॉजिस्टिकमध्ये वाढीचा वेग अंतिम मापाच्या निम्म्यावर, तर गॉम्पर्ट्झमध्ये सुमारे ३७ टक्क्यांवर सर्वाधिक असतो, म्हणून गॉम्पर्ट्झमध्ये शेवटचा संथ वाढीचा भाग लांबतो. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते: घेराचा घन करून आकारमानाकडे गेलात, तर गॉम्पर्ट्झ त्याच ऱ्हासदरासह (वाढ मंदावण्याच्या दरासह) गॉम्पर्ट्झच राहतो, लॉजिस्टिक मात्र लॉजिस्टिक राहत नाही. घेर मोजून वस्तुमानाबद्दल बोलायचे असेल, तर मी गॉम्पर्ट्झ घेईन. (मूळ सूत्र १८२५ मध्ये मृत्युदरासाठी मांडले गेले, हा भाग वेगळा!)

वनस्पतिशास्त्र, जळगाव
वक्राआधी काळाचा अक्ष तपासा. केळी दिनदर्शिका पाहून वाढत नाही. दिवसाच्या सरासरी तापमानातून १४ अंश वजा करून येणारी रोजची बेरीज केळीसाठी दिवसांच्या जागी सर्रास वापरली जाते. त्या हिशेबाने २० अंशांच्या दिवसाचे ६ आणि २६ अंशांच्या दिवसाचे १२ एकक, म्हणजे थेट दुप्पट. जानेवारीतील मंदी फळाच्या वयामुळे आली असे आपला वक्र समजतो, वास्तविक ती थंडीमुळे आलेली असते. शिवाय आरंभी पेशी विभागतात आणि पुढे गराच्या पेशी पाणी व पिष्टमय पदार्थांनी फुगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लॉकहार्ट यांच्या १९६५ च्या समीकरणानुसार पेशीतील दाब ठरावीक मर्यादेच्या जितका वर, तितक्या वेगाने भित्ती ताणली जाते. म्हणून पाण्याच्या पाळ्यांची नोंदही जवळ असू द्या. आणि एकाच केळाची आठवड्यागणिक मापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून घडागणिक वेगळा फरक धरणारे प्रतिमान वापरा.

रावेरचा विद्यार्थी
दोघांचेही आभार. आजच तापमानाची बेरीज लावून पाहिली. जानेवारीतला वाकडेपणा बराच ओसरला. सपाट भाग दिसावा म्हणून पुढच्या खेपेला दोन घड झाडावरच पिकू देण्यास वडील, व्यापारी नाराज होईल असे म्हणत का होईना, तयार झाले आहेत. त्या दोन झाडांना मी निळा दोरा बांधून ठेवला आहे.