डिप्लोमावरून आलेलो, दोन केटी, सातबाऱ्यावर १९ नावं. ईसीईला एमएस जमेल का?

सड्यावरचा_वायरमन

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला, घर खाडीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. दहावीनंतर रत्नागिरीत डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकल, मुंबई विद्यापीठ. सीजीपीए ७.४. एम-थ्री (तिसरा गणिताचा पेपर) आणि सिग्नल्समध्ये केटी लागली होती, म्हणजे विषय राहिले, दोन्ही पुढच्याच खेपेला सुटल्या. सध्या रत्नागिरीत एका सोलर कंत्राटदाराकडे आहे, वर्ष होईल. पत्र्यांवर पॅनेल चढवतो.

अमेरिकेत इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला एमएस करायचं डोक्यात आहे. मित्र म्हणतात मशीन लर्निंग लिही, नाहीतर कोण विचारत नाही. गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन एका सल्लागाराकडे गेलो. त्याने अर्ध्या तासात सहा विद्यापीठांची यादी काढली, ४५,००० सांगितले आणि एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) आम्हीच लिहून देऊ म्हणाला. जिना उतरताना वडील म्हणाले, "मुलगी न दाखवताच लग्न ठरवतोय हा."

केटी बघून अर्ज बाजूला टाकतात का? पहिल्या वर्षाची मार्कशीटच नाही माझ्याकडे, त्याचं काय? जीआरई (तिकडच्या प्रवेशाची परीक्षा) लागते की नाही? आणि पैसे. आंब्याची बाग आहे, पण सातबारा सामाईक, १९ नावं, त्यातली ११ मुंबईत.

(प्रोजेक्ट विशेष नव्हता. विजेच्या खांबांवरचे जुने काढलेले इन्सुलेटर चार जेटीजवळ आणि चार सड्यावर टांगले, डिसेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी त्यांच्यावरचं मीठ धुऊन पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजली. मार्क बरे मिळाले.)

देवगडची_फेज

अरे, सांगण्यासारखं होतं ते तू कंसात टाकलंस!

इन्सुलेटर धुऊन पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजणं, त्यावरून दर चौरस सेंटिमीटरला किती मीठ बसलं ते काढणं, ही या क्षेत्रातली मान्य पद्धत आहे. ईएसडीडी म्हणतात तिला. तू सहा महिने, दोन उंचींवर, तेही खाडीकाठी केलीस. नुसता सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल चालवून आलेला मुलगा तुझ्याशेजारी बसला तर प्राध्यापक तुलाच आधी प्रश्न विचारतील. सल्लागाराला हे सांगितलं होतंस का? त्याने विचारलंच नसणार.

आता ओळीने नाही, सुचेल तसं लिहिते.

आपल्याकडे ईसी म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन. तिकडच्या ईसीईतला सी कॉम्प्युटरचा. पॉवर, कंट्रोल, चिप डिझाइन, सिग्नल प्रोसेसिंग, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, सगळं एका छपराखाली. त्यामुळे 'ईसीईला जायचंय' म्हणजे कोकणात जायचंय म्हटल्यासारखं. डहाणू की सावंतवाडी ते सांग. तू कॉम्प्युटर आर्किटेक्चर लिहिलंस तर डेटा स्ट्रक्चर्स, डिजिटल डिझाइन कुठे शिकलास ते शोधतील, आणि नसेल तर प्रवेश देऊनही आधी ते विषय करायला लावू शकतात. पॉवर किंवा हाय व्होल्टेज लिहिलंस तर तुझा पाया आहेच.

केटी. ग्रॅज्युएट स्कूलची किमान अट बहुतेक ठिकाणी ४ पैकी ३ जीपीए अशी असते, पण ७.४ ला ४ ने गुणून १० ने भागायला बसू नकोस. आपल्या स्केलवरचे आकडे तसेच दे, रूपांतर त्यांचं ते करतात. केटीबद्दल एसओपीत परिच्छेदभर रडगाणं नको. त्या सेमिस्टरला काही खास कारण असेल तर एक ओळ, नसेल तर तीही नको. सिग्नल्सची केटी मात्र झाकायची एक रीत आहे: त्याच विषयावर उभं असलेलं काम दाखव.

पहिलं वर्ष. डिप्लोमाच्या सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट जोड आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाल्याचं एका वाक्यात लिही. मीही मालवणच्या पॉलिटेक्निकची, कोणी अडवलं नाही. फक्त मार्कशीट वेगळी आणि ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा विद्यापीठाचा एकत्र दाखला) वेगळं. ट्रान्सक्रिप्टसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, गणपतीच्या आधी कर. नंतर सगळंच रेंगाळतं.

जीआरई आता बऱ्याच ईसीई विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. एमआयटी मागतच नाही (आणि तिथे बाहेरच्याला नुसत्या मास्टर्ससाठी प्रवेशही नाही, थेट पीएचडी). विभागाच्या पानावर बघ, विद्यापीठाच्या मुख्य पानावर नको, दोन्हीकडे वेगळं लिहिलेलं असू शकतं. द्यायची झालीच तर सप्टेंबर २०२३ पासून ती १ तास ५८ मिनिटांची आहे, स्कोअर ५ वर्षं चालतो. टोफेल, आयईएलटीएसचा २ वर्षं, म्हणून इंग्रजी आधी देऊन ठेवायची घाई नको. आणि घरून द्यायची सोय आहे म्हणून जुलैत सड्यावरून देऊ नकोस. वीज कडाडली की काय होतं ते तुला मी सांगायला नको.

शिफारसपत्रं तीन लागतात. इथे आपली मुलं मार खातात. विभागप्रमुखांकडे जातात, ते नाव बदलून तोच मजकूर देतात: 'हुशार, नम्र, कष्टाळू.' ज्या बाईंनी किंवा सरांनी तुझी रीडिंगची वही पाहिली त्यांच्याकडे जा. दुसरं पत्र कंत्राटदाराच्या इंजिनिअरचं घे, पत्र्यावर तू काय दुरुस्त केलंस ते त्याला ठाऊक आहे.

एसओपीचं माझंच सांगते. पहिल्या वर्षी मी लिहिलं, 'लहानपणापासून मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड होती.' पाच अर्ज, पाच नकार. प्रत्येकी १०० डॉलरच्या आसपास फी, बाबांचा महिन्याचा पगार गेला. ते लाइनमन होते. दुसऱ्या वर्षी लिहिलं की आमचं घर फीडरच्या (सबस्टेशनहून निघणाऱ्या लाइनच्या) टोकाला, संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरायचं, म्हणून आई मिक्सर रात्री अकराला लावायची. मग बाबांच्या मीटरने महिनाभर घेतलेले आकडे, आणि मला यात नेमकं काय सुटत नव्हतं ते. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. बाकी मार्कशीट तीच होती.

गेट_उघडा

ताईंचं पटतं, पण पैशाचा मुद्दा त्यांनी वगळला. एमएसचा खर्च बहुतेकदा स्वतःचाच, आणि आय-२० साठी (व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा कागद) पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. माझं मत, आधी गेट, म्हणजे इथल्या एमटेकची प्रवेश परीक्षा. ईई पेपर १०० मार्कांचा, ६५ प्रश्न, तीन तास. गणित १३ मार्कं, ॲप्टिट्यूड १५. म्हणजे ज्या एम-थ्रीने तुला रडवलं त्याच्या कुळातले १३ मार्क आहेत, ते सोडू नकोस. आकडा टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही. स्कोअर ३ वर्षं चालतो. आयआयटींच्या ऑफर कोॲप या पोर्टलवर, एनआयटींचे प्रवेश सीसीएमटी या सामायिक प्रक्रियेतून. एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड. बंगळूरला आयआयएस्सीत हाय व्होल्टेजची जुनी लॅब आहे, इन्सुलेटरवाल्याने तिकडे बघायलाच हवं.

मी दोन वेळा बसलो. पहिल्या वेळी आंब्याच्या सिझनला पेट्या भरत अभ्यास केला, व्हायचं तेच झालं.

तारकर्लीचो_कावळो

मेल्या, सातबारो घेवन बँकेत जाव नको. शेतजमीन तारण घेणत नाय ते, नि १९ जणांची सही म्हणजे पुढचो गणपती उजाडतलो. माझ्या भावान बिनशेती झालेला घरठाण मामाच्या नावावर होता, ता दिल्यान. जे. एन. टाटा एन्डोमेंट बघ, १८९२ पासून आसा. ती पण कर्ज-शिष्यवृत्ती, फुकट नाय, पण नाव चांगला.

देवगडची_फेज

पैशाचं मुद्दाम मागे ठेवलं होतं. अमेरिकेत मास्टर्स न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला तर बहुधा टीए किंवा आरएशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनिसाचं काम) असते, फी माफ आणि दरमहा मानधन. मानधनात चैन होत नाही, पण सातबाऱ्याला हात लागत नाही. मात्र पाच-सहा वर्षं एका विषयाला बांधून घ्यावं लागतं. फुकट एमएस म्हणून पीएचडीत शिरून मधेच निघून जायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नकोस. मागून येणाऱ्या आपल्याच मुलांना त्याचा त्रास होतो.

गेट दे, हरकत नाही. परीक्षा फेब्रुवारीत, तिकडच्या बऱ्याच तारखा डिसेंबरच्या मध्यावर. दोन्ही एकाच हिवाळ्यात करायचं तर पॅनेल चढवणं कमी करावं लागेल.

निवृत्त_उपअभियंता

बाळ, मी किनाऱ्यावरच्या सबस्टेशनांत २६ वर्षं काढली. तुझ्या वहीत एक गोष्ट शोध. मुसळधार पावसात इन्सुलेटर धुतले जातात, तेव्हा आम्हाला मिठाचा त्रास कमी. त्रास कोरड्या महिन्यांत पहाटे. दिवसभर खारा वारा मीठ बसवतो, तोवर काही होत नाही. पहाटे दव पडलं की ते मीठ ओलं होतं, करंट गळायला लागतो, मधेमधे पट्टे सुकतात आणि त्या सुक्या पट्ट्यांवर ठिणगी उडते. ती पुढे सरकली की फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगी पूर्ण इन्सुलेटर ओलांडते, आणि फीडर ट्रिप, म्हणजे लाइन आपोआप बंद. मेच्या अखेरच्या बुरबुरीतही तेच. तुझी रीडिंग आणि सबस्टेशनच्या ट्रिपिंग रजिस्टरच्या तारखा शेजारी ठेवून बघ. रीतसर अर्ज करून माग. तोंडी मागशील तर चहा मिळेल, रजिस्टर नाही.

आणि पोलवर स्वतः चढू नकोस.

सड्यावरचा_वायरमन

सगळ्यांचे आभार. रविवारी घरी जाऊन माळ्यावरून वही काढली. वाळवीने कोपरा खाल्लाय, आकडे शाबूत आहेत. जेटीजवळच्या इन्सुलेटरवर मार्चमध्ये सड्यावरच्यापेक्षा जवळजवळ चौपट मीठ. तेव्हा मी याचं काहीच केलं नव्हतं, फक्त तक्ता छापला होता. बाईंना फोन केला, गुरुवारी वही घेऊन ये म्हणाल्या. ट्रिपिंगचा अर्ज काकांनी सांगितल्याप्रमाणे लिहितोय. मशीन लर्निंगचं राहू दे म्हणतो तूर्त. वडिलांना पीएचडीचं सांगितलं, ते म्हणाले, "पगार देऊन शिकवतात? मग तिकडे कामाला माणसं मिळत नसणार."

ताई, एक अडचण. एप्रिलमध्ये धुवायला वापरायचो ते बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी संपलं होतं, तेव्हा दोन रीडिंग बाटलीबंद पाण्याने घेतली. आकडे जरा जास्त आलेत. ती दोन काढून टाकू का?

देवगडची_फेज

काढू नकोस. त्यांच्यापुढे फुली मार आणि कोणत्या पाण्याने धुतलं ते लिही. त्या पाण्याचं नुसतं, इन्सुलेटर न बुडवता, रीडिंग घेतलं होतंस का? नसेल तर त्याच कंपनीची बाटली आण आणि गुरुवारच्या आत घे.