अनुभव धागा: काचेच्या अलीकडचे लोक

आईने रेडिओत एकतीस वर्षं नोकरी केली आणि तिचा आवाज एकदाही प्रसारित झाला नाही. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, "तुझी आई रेडिओवर असते ना? कधी लागते?" मी सांगायचे, ती लागत नाही, ती लावते.

घरात रेडिओ चालू असताना मध्येच तीन-चार सेकंद काही ऐकू आलं नाही, तर ती पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर यायची. आम्हाला वाटायचं, वीज गेली का ते बघायला आली. ती बघत असायची घड्याळाकडे.

निवेदकांच्या आठवणी पुष्कळ वाचल्या. आता गोव्यात ज्यांनी स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, माइकपासून दूर, उमेदीची वर्षं घालवली, त्यांनी लिहावं. लिहायचा कंटाळा असेल तर मुला-नातवंडांना सांगून लिहून घ्या. फक्त उणीदुणी काढताना नावं नकोत.

फोंडा, ध्वनिमुद्रण विभाग, निवृत्त

मी टेप कापायचो. पाव इंची टेप, सेकंदाला साडेसात इंच धावायची. म्हणजे वक्ता "आं..." करून सेकंदभर अडखळला की माझ्या हातात जवळजवळ वीतभर टेप. स्पूल हाताने मागेपुढे फिरवायचं. तसं फिरवताना माणसाचा आवाज रेडा हंबरल्यासारखा येतो, आणि त्या हंबरण्यात शब्द कुठे सुरू होतो ते कानाने पकडायचं. तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण, ब्लेडने तिरका काप, मागून चिकटपट्टी. सरळ कापलं तर जोडावर टक् होतं, म्हणून तिरका.

एकदा पौषात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात धालो, म्हणजे बायकांची नाचगाणी, मुद्रित करायला गेलो होतो. खांद्याला उहेर, म्हणजे सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, पिशवीत जादा सेल. मांडावर बायका समोरासमोर दोन रांगांत, एकमेकींना धरून पुढे-मागे झुलत गात होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी गाण्याच्या मध्येच सुनेवर ओरडली, "अगो, चुलीर दूद दवरलां!" (अगं, चुलीवर दूध ठेवलंय!) आणि पुढची ओळ त्याच सुरात उचलली. केंद्रात आल्यावर मी ते वाक्य सफाईने काढलं. साहेब म्हणाले, जोड कळतसुद्धा नाही. मी खूश.

काही वर्षांनी तिचा नातू आला. आजी गेली होती, तिचा आवाज हवा होता. टेप शोधली, कॅसेटवर उतरवून दिली. तो तिथेच बसून ऐकू लागला. दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "यात सगळ्याच एकदम गातात हो. आजी कुठली?"

ती जिथे एकटी बोलली होती, ते दोन वीत मी कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं. त्याला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगतोय.

पणजी, ड्यूटी ऑफिसर होतो

३१ ऑक्टोबर १९८४. इंदिराजींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसी लावणाऱ्यांना पुढचंही लवकर कळलं होतं, पण आकाशवाणीवरून निधनाची घोषणा झाली ती संध्याकाळी. मधले तास ड्यूटी रूमच्या फोनवर मी होतो.

फोन उचलला की पलीकडून "खरं का?" एवढंच. मी म्हणायचो, बातम्या ऐकत राहा. एक बाई भडकल्या, "अहो, बातम्या तुम्हीच देता ना?" आता त्यांना काय सांगू, राष्ट्रीय बातमी दिल्लीहून येते आणि आम्ही इथे ती पुढे सोडतो! ती आली नाही तोवर त्यांच्याइतकंच मला माहीत. म्हणजे माहीत होतं, पण माहीत नव्हतं.

रेडिओवर अवेळी सारंगी लागली की कुणीतरी मोठं गेलं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. त्या दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खरंखोटं काहीच विचारलं नाही. हलक्या आवाजात म्हणाले, "सारंगी केव्हा लावणार?"

हे वाद्य आम्ही रेडिओवाल्यांनी बिघडवलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. आजही मी घरी सारंगीची चांगली मैफल लावली की बायको आतून विचारते, "कोण गेलं?"

मडगाव, पत्रं फोडायचे

फर्माईशीची पोस्टकार्डं. गाणं एक, नावं सोळा: आईबाबा, पप्पू, पिंकी, शेजारी, आणि एकदा तर म्हैससुद्धा. निवेदिकेने म्हशीचंही नाव वाचलं, कारण मी यादीत तसंच उतरवलं होतं आणि तिला ते माणसाचं वाटलं.

कार्डं कारवारहून यायची, सावंतवाडीहून यायची. मध्यम लहरींना राज्याची हद्द नसते, रात्री तर त्या आणखी लांब जातात. जहाजांवरच्या तारवट्यांची, म्हणजे खलाशांची पत्रं असत, रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीतली. मी फोंड्याच्या मराठी शाळेतली. रोमीतला एक्स म्हणजे आपला श, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. शेजारच्या टेबलावर साष्टीची एक बाय होती, तिला देवनागरी जड जायची. माझी अडलेली पत्रं ती वाचायची, तिची मी. बाहेर तेव्हा राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून रस्ते अडवले जात होते. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा संमत झाला. आमची अदलाबदल पुढेही तशीच चालू राहिली, दोघींच्या चहाचा कप मात्र कायम एकच, कारण दुसऱ्याचा कान तुटला होता.

बांबोळी, ट्रान्समीटरवर

फार सांगण्यासारखं नाही. पाऊस, विजा, साप आणि रात्रपाळी. कुरकुर केली की आमचे वरिष्ठ एकच ऐकवायचे: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून थेट गोवा मुक्तीपर्यंत गुप्त रेडिओ चालवला, आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून. "तुला छप्पर आहे, पगार आहे, वर चहा. बोल." २०२५ साली लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला आधी ते वरिष्ठच आठवले.

पर्वरी, खाजगी एफएम, निर्माता

माझ्या हाताला कधी टेप लागली नाही, सगळं माऊसवर. आरजे पाहुण्यांबरोबर सेल्फी काढते. ती काढायलाही मलाच बोलावतात, म्हणजे ती सेल्फीसुद्धा नव्हे.

बेती, प्रसारण विभाग, निवृत्त

५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला. मी बेतीला, स्टुडिओ पणजीत. पहाटेच्या पाळीला सहाच्या आत संकेतधून गेलीच पाहिजे. वॉल्टर कॉफमनने बांधलेली आकाशवाणीची ती शिवरंजनीतली धून तुम्ही अंथरुणात ऐकली असेल, मी ती फेरीबोटीत उभा राहून मनात वाजवायचो, मिनिटं मोजत. मनगटावरचं घड्याळ मुद्दाम दोन मिनिटं पुढे. नेहमीची मासेवाली मला बोटीत बघून म्हणायची, "बाब हांगाच आसा, म्हणजे स वाजूंक ना."

नदी फुगलेली असली की आदल्या रात्रीच जाऊन केंद्रात झोपायचो. स्टुडिओत एकदाच झोपून पाहिलं. भिंती सगळा आवाज खातात, मग स्वतःच्याच कानातली धडधड ऐकू येते. डोळा लागेना. नंतर कायम व्हरांड्यातला बाक.

धागाकर्ती

आईला सगळं वाचून दाखवलं. म्हशीला हसली, सारंगीला गप्प झाली. बेतीच्या काकांसाठी तिचा निरोप आहे: व्हरांड्यातल्या बाकावरची चादर तिची होती, ती अजून परत आलेली नाही. आणि विचारते, घड्याळ अजून दोन मिनिटं पुढेच असतं का?