अण्वस्त्रांच्या धोरणात धर्म बारशापुरताच येतो का?

नेरूळकर:
संध्याकाळी खाडीकाठी फिरताना पलीकडे ट्रॉम्बेच्या टेकडीखाली अणुभट्टीचा घुमट दिसतो. तिथल्याच सायरस भट्टीतले प्लुटोनियम १९७४च्या पोखरण चाचणीत वापरले गेले आणि त्या चाचणीला ‘हसरा बुद्ध’ हे नाव चिकटले. १९९८ साली पाकिस्तानने उडवलेल्या क्षेपणास्त्राचे नाव ‘घौरी’, म्हणजे मुहंमद घोरीचे. माझी शंका अशी की, धर्मपरंपरा या धोरणाला खरोखर वळण देतात, की निर्णय आधीच झालेला असतो आणि धर्माला फक्त बारशाला बोलावतात?

पंचांगप्रेमी:
आधी एक दुरुस्ती. १८ मे १९७४ रोजी बुद्धपौर्णिमा होती असे सर्रास छापले जाते, पण त्या वर्षीची वैशाखी पौर्णिमा ६ मेची. दुसऱ्या पोखरण चाचणीच्या दिवशी, ११ मे १९९८ रोजी, मात्र ती खरोखर होती. बाकी तुमचे म्हणणे मला पटते. पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टोंनी जानेवारी १९७२मध्ये अणुबॉम्बसाठी मुलतानला शास्त्रज्ञांना बोलावले, ते बांगलादेशातील पराभवाला महिनाभर झाला असताना. आपल्याकडे १९६२चे युद्ध आणि १९६४ची चिनी चाचणी ही कारणे पुरेशी होती.

घोडबंदरचा वाचक:
पंचांगप्रेमी, बॉम्ब करण्यापुरते आपले बरोबर आहे. मात्र तो कोणावर टाकणे क्षम्य, हा प्रश्न पराभवातून सुटत नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात व्यास आणि नारद मध्ये पडतात तेव्हा अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भावर वळवतो. म्हणजे न लढणाऱ्यांवर पडणारे अस्त्र आणि ते आवरण्याची पात्रता, या दोन्हींची चर्चा तिथे झालेली आहे. जानेवारी २००३च्या आपल्या धोरणात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, तसेच प्रचंड प्रत्याघाताचेही, आणि हे दुसरे वचन धर्मयुद्धाच्या कोणत्याही नियमात बसवणे मला जमलेले नाही.

कॅथलिक चर्चची भूमिका तर डोळ्यांदेखत बदलली. १९८२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरचा टप्पा म्हणून अण्वस्त्रांचा धाक नैतिकदृष्ट्या चालवून घेतला. तो टप्पा संपेचना, तेव्हा २०१९मध्ये हिरोशिमात पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रे नुसती बाळगणेही अनैतिक ठरवले.

नेरूळकर:
आभारी आहे. मग इराणचा फतवा कुठे बसतो?

पंचांगप्रेमी:
अण्वस्त्रे निषिद्ध असल्याचा, त्या वेळचे सर्वोच्च नेते खामेनेई यांचा फतवा इराणने ऑगस्ट २००५मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे केला, आणि एप्रिल २०२१मध्ये त्याच इराणने युरेनियम ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे शस्त्रदर्जाच्या जवळ, समृद्ध करायला घेतले. फतव्यात समृद्धीकरणाला बंदी नाही, हे इराणचे उत्तर शब्दशः खरे आहे. समोरच्यांना ते पुरत नाही, कारण फतवा देणाराच तो फिरवूही शकतो.